चेन

बोटवाले इंजिनाची काळजी करतात, शिडांची करतात. चेनची कुणी करत नाही. सिअ‍ॅटलला आल्यावर शिल्शोल बेच्या धक्क्यावर मी एका जुन्या शिडाच्या बोटीवर मदतीला जाऊ लागलो. मालक आमच्याच क्षेत्रातून रिटायर झालेले, वय ६८. इथल्या रीतीप्रमाणे हाक नावानंच मारतो, मनात मात्र ते आजोबाच. बोटांना संधिवात आहे. बसायच्या जागेवर कॅनव्हासचं छप्पर आणि त्याला चेननं जोडलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या आहेत. "ही चेन एकट्याला लावता आली नाही की बोट विकायची," असं ते म्हणतात. हसून म्हणतात, पण मला ते खरं वाटतं.

म्हणून शनिवारी चेन हे माझं खातं.

सर्व्हर पडला की सगळे आधी आपला कोड उघडतात, तसं इथे सगळे आधी दात बघतात. या चेनचे दात जाड प्लास्टिकचे असतात, ते गंजत नाहीत. खरा घोळ मिठाचा. समुद्राचं पाणी वाळतं आणि दातांच्या फटीत खडे उरतात. मग जोर लावून ओढलं की रनर झिजतो, त्याचं तोंड फाकतं आणि मागे चेन उघडीच राहते. अशा वेळी धातूचा रनर पकडीनं अलगद दाबला तर काही दिवस चालतो. नंतर नवा घालायचा. अख्खी चेन बदलायची गरज फारशी पडत नाही.

मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे सगळ्यात मोठं औषध म्हणजे गोडं पाणी. चेन भिजवायची, ओली असतानाच रनर वर-खाली करायचा. वाळली की वंगण. ग्रीस नको, त्यावर धूळ बसते. सिलिकॉनचा स्प्रे थेट मारायचा नाही, काही स्प्रेंमधल्या द्रावकानं खिडकीचं प्लास्टिक धुरकट होतं. आधी फडक्यावर घ्यायचा. मी मेणबत्ती घासतो. आई दप्तराच्या चेनला हेच करायची. आजोबांना आधी गंमत वाटली, आता खिशात मेणबत्तीचा तुकडा असतो. रनरला मी दोरीचा मोठा फास बांधलाय, चिमटीऐवजी मूठ पुरते. आणि थंडीत खिडक्या आकसतात, तेव्हा ऊन येईपर्यंत झटापट करायची नाही.

(सुंडबॅकला आजच्या चेनचं पेटंट १९१७ साली मिळालं. इथून जवळच, खाडी आणि तळ्यांना जोडणारे बॅलार्डचे लॉक्सही त्याच वर्षी रीतसर सुरू झाले. याचा उपयोग शून्य, पण मला आवडतं.)

आता काम उरलंय शिवणीचं. उन्हानं चेनच्या आधी दोरा कुजतो. साधा पॉलिएस्टरचा दोरा काही वर्षांत बोटानं तुटतो. पीटीएफईचा उन्हाला दाद देत नाही, पण बराच महाग. मी म्हटलं, यंदा साधाच घालू. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. गुरुवारी फोटो आला: पीटीएफईच्या दोऱ्याचं भलंमोठं रीळ, आणि शेजारी मेणबत्ती.