लासलगावची कांदाचाळ आणि यात्रेची गाडी

गेल्या वैशाखात लासलगावला जाण्याचा योग आला. बँकेच्या सेवेत असताना कांदाचाळींच्या कर्जांच्या निमित्ताने मी या गावी अनेकदा येत असे. १९४७ साली स्थापन झालेली बाजार समिती, लिलावासाठी लागलेली ट्रॅक्टरांची रांग, हवेत भरून राहिलेला कांद्याचा उग्र दर्प. सारे तसेच होते. स्वतः कांदा वर्ज्य मानणाऱ्या आपल्या कित्येक घरांचा व्यापार मात्र याच कांद्यावर उभा राहिला, ही या गावची गंमत.

आमचे यजमान सहकुटुंब मांगीतुंगीच्या दर्शनाला निघाले होते. वाट चांदवड, देवळा, सटाणा, ताहाराबाद अशी. सूर्यास्तापूर्वी घरचे शुद्ध भोजन व्हावे म्हणून स्वयंपाकाचे सारे साहित्य गाडीतच भरले होते. मी आत डोकावलो आणि काळजात धस्स झाले. मागच्या बाकाखालच्या बंद पेटीत भरलेला सिलिंडर आडवा ठेवला होता आणि त्याला लागूनच इन्व्हर्टरची बॅटरी. बाकावर नातवंडे बसली होती.

मी म्हणालो, “शेठजी, तुमचा कांदा असा कोंडून ठेवाल का?”

“छे! सडून जाईल,” ते हसून म्हणाले.

मग मी त्यांना त्यांचीच चाळ दाखवली. तिचा तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी. वारा खालूनही शिरतो आणि वरूनही निघून जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळला की तळाशी साचतो. सिलिंडर आडवा असेल तर झडपेशी द्रवच येतो आणि बाहेर पडताच तो सुमारे अडीचशे पट पसरतो. उलट, पाणी घालावयाच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हलका; तो वर छताशी जमतो. दोन्ही एकाच पेटीत कोंडले, तर बॅटरीच्या सैल तारेची एक ठिणगी पुरे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकात लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली. नियम मोडून नेलेल्या सिलिंडरमुळे किमान नऊ जणांचे प्राण गेले. तेही आपल्यासारखेच देवदर्शनाला निघालेले होते.

शेठजी क्षणभर स्तब्ध झाले. मग त्यांनी यात्रा तासभर थांबवली. सिलिंडर प्रवाशांच्या गाडीतून काढला. झडप बंद करून, वर टोपी बसवून, उभा बांधून तो शेगडी-भांड्यांसह उघड्या टेंपोतून स्वतंत्र पाठवला. बॅटरीला वर झरोके असलेली वेगळी पेटी मिळाली आणि तिची टोके झाकली. स्वयंपाक गाडीबाहेर, मोकळ्या जागीच करायचा असे ठरले. गॅसचा वास आला तर बटणाला हात न लावता सर्वांनी खाली उतरायचे आणि दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवायचे, हे मुलांकडूनही वदवून घेतले.

उशीर झाला खरा. तरी सूर्यास्तापूर्वी भोजन झाले. आपल्याकडे पाच समितींत आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना राखायची दक्षता. ती मुनींच्या आचारातली असली, तरी यात्रेचे सामान भरताना आपणही तिचे स्मरण ठेवावे.