वीस दिवसांची जमीन

सोलापूरच्या काळ्या मातीबद्दल शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल सोनं. सिव्हिल इंजिनिअरला विचारा, तो कपाळाला हात लावेल. गंमत म्हणजे दोघंही एकाच गुणाबद्दल बोलत असतात. ही माती पाणी धरून ठेवते. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बराचसा सप्टेंबरचा, तरी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी थंडीभर नुसत्या ओलीवर उभी राहते ती त्यामुळेच. आणि त्याच सप्टेंबरात त्याच रानात चेनवरचं मोठं मशीन उभं केलं तर ते रुततं, तेही त्यामुळेच.

हा विषय डोक्यात घुसला तो कॉलेजच्या एका मित्रामुळे. तो सिव्हिलचा, सध्या सोलापूरजवळ एका पुलाच्या साइटवर. मागच्या पावसाळ्यात तिथल्या पाइलिंग रिगची एक बाजू खचली आणि मशीन कललं. कुणाला लागलं नाही. पण ऑपरेटर जो खाली उतरला तो परत चढायला तयार होईना. खाली फूटभर मुरूम टाकून रोलर फिरवला होता. वीस दिवसांचं तर काम, त्याला काय डिझाइन करायचं, असं सगळ्यांचं मत.

वीकेंड आहे, थोडं गणित चालेल :) समजा रिग ६० टनांची. चेनचे दोन पट्टे, प्रत्येक ८० सेंटीमीटर रुंद आणि ४ मीटर लांब. म्हणजे ६.४ चौरस मीटर जागेवर ६० टन, दर चौरस मीटरला साधारण साडेनऊ टन. (आपण दोन पायांवर उभे असतो तेव्हा हा आकडा पावणेदोन टनांच्या आसपास असतो.) ओली मऊ काळी माती, तिची ताकद २५ किलोपास्कल धरली, तर साधारण तेरा टनांना हात टेकते. साडेनऊ तेरापेक्षा कमी, मग झालं की! पण रिग वळते, पुढे झुकते, जमिनीत अडकलेला केसिंग पाइप उपसते. तेव्हा भार पट्ट्याच्या पुढच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथे सहज दुप्पट होतो. सर्व्हर सरासरी लोडवर पडत नसतो, हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको.

उसाच्या फडात ट्रॉली रुतली की चाकाखाली पाचट घालतात. १८३० साली सुरू झालेल्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी जॉर्ज स्टीफन्सननेही चॅट मॉसच्या दलदलीवर झुडपांच्या जुड्या अंथरून वर रूळ नेले होते. जिओग्रिड हे त्याच कुळातलं. प्लास्टिकची, मोठ्या भोकांची ताठ जाळी. काही प्रकार तर पॉलिस्टरच्या धाग्याने विणून वर लेप दिलेले असतात. चादरींच्या गावाला हे काय नवीन!

मला आधी वाटायचं की ही जाळी झोळीसारखी मशीन तोलून धरते. तसं नसतं. वर टाकलेल्या खडीचे दगड भोकांत अडकतात आणि बाजूला सरकू शकत नाहीत. दगड पसरले नाहीत तर थर ताठ राहतो, आणि ताठ थर भार जास्त रुंदीवर वाटून देतो. खालच्या मातीची ताकद तेवढीच राहते, तिच्या वाट्याला येणारा दाब मात्र कमी होतो. म्हणूनच इथे बारीक मुरूम कामाचा नाही, टोकदार खडी लागते. जाळीखाली जिओटेक्स्टाइलचं कापड लागतं, नाहीतर चिखल दगडांतून वर येतो. जाळी ताणून अंथरायची, सुरकुत्या ठेवायच्या नाहीत. पाणी निघायला उतार द्यायचा. आणि मशीन कडेला न्यायचं नाही, कारण कडेच्या दगडांना बाहेरून धरायला कुणी नसतं.

ब्रिटनमध्ये बीआरई या संस्थेने चेनवरच्या मशीनखालच्या अशा तात्पुरत्या भरावांसाठी २००४ साली खास मार्गदर्शिका काढली. तिथले पाइलिंगवाले सही केलेलं प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय रिग साइटवर आणत नाहीत. आपल्याकडे आयआरसीची एसपी-५९ आहे, पण ती रस्त्यांसाठी. पुलाचा पाया शंभर वर्षांचा म्हणून त्याचं ड्रॉइंग चार जण तपासतात. तो पाया खोदणारा माणूस मात्र ज्या जमिनीवर बसलेला असतो ती कुणाच्याच ड्रॉइंगमध्ये नसते. तात्पुरतं म्हणजे बिनमहत्त्वाचं, हे कुणी ठरवलं? अख्ख्या कामात मातीवर सगळ्यात जास्त दाब त्याच वीस दिवसांत येत असेल.

असो. मित्राने शेवटी भांडून जाळीचे दोन थर मंजूर करून घेतले आणि ऑपरेटरला समोर उभं करून अंथरले. रिग त्यावर नीट चालली. आता वेगळीच पंचाईत आहे. जमीन भाड्याची, मालकाला ज्वारी पेरायची आहे. खडी पोकलेनने उचलता येते, पण जाळी तुटत तुटत निघते, आणि तिचा एकही तुकडा नांगराला लागता कामा नये असं मालकाने बजावलंय. मित्र सध्या माणसं लावून ते तुकडे वेचतोय.