तिरपं, जाड आणि धावतं

जत्रेतल्या 'कुस्त्यांचे जंगी मैदान'च्या फलकावरचं 'जंगी' नुसतं जाड नसायचं, ते उजवीकडे झुकलेलं असायचं. ट्रकच्या कपाळावरचं नाव, सर्कशीचा फलक, वेशीजवळच्या भिंतीवरची बियाण्याची जाहिरात... जे लांबून किंवा चालत्या एसटीतून वाचायचं, त्यासाठी पेंटर हे वळण धरत. बोरूचा जाड-बारीकपणा नाही, रेघ सगळीकडे सारखीच भरदार, आणि शब्द पळायच्या पवित्र्यात.

पेंटर खडूत घोळवलेला दोरा पत्र्यावर ताणून टिचकी मारायचा, की आडवी रेघ उमटायची. अशा दोन रेघांत आधी खडूने अक्षरं बसवायची, मग हाताखाली काठी टेकवून चपटा ब्रश चालवायचा. शिरोरेघ आडवीच राही. कलत ते काने, आणि शिरोरेघेची टोकंही त्याच कोनात कापलेली. 'र'चा पाय शब्दाबरोबर कलवला की उभट होऊन जाड दिसतो, म्हणून तिथे ब्रश आवरता घ्यायचा. 'ठ'चं पोट अंड्यासारखं लांबट होऊ नये म्हणून वळण हाताने सावरायचं. उस्तादाच्या हाताखाली रंग घोटता घोटता डोळ्यात भिनलेलं हे शहाणपण होतं. त्याला कलाच म्हणायला हवं.

याच कलेचं शहरी रूप अक्षररचनाकार कमल शेडगे यांच्या अक्षरांत दिसायचं. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत नावाच्या वळणावरूनच नाटकाची जात कळे. प्रत्येक नाव नव्याने काढलेलं. 2020 साली ते गेले.

छापखान्यात मात्र तिरप्या देवनागरीची फारशी परंपरा नव्हती. रोमनमध्ये ती 1501 पासूनची, व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउसच्या छापखान्यातली, हस्ताक्षरावरून घेतलेली. आपल्याकडे शब्दावर जोर द्यायचा तर ठळक खिळे जुळवत.

मग संगणक आला आणि तिरपं करणारं बटण आलं. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेल्या 'मंगल' या फॉन्टला स्वतःचं तिरपं वळण नाही. बटण दाबलं की यंत्र उभं अक्षरच ढकलून तिरकं करतं. उजवीकडे चढणाऱ्या रेघा ताणून बारीक होतात, उलट्या दिशेच्या फुगतात. पेंटर जे जे सावरायचा, ते सगळं तिथे तसंच सुटतं. चौकातल्या फ्लेक्सवर हे रोज दिसतं आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो.

तरी आजचं सगळंच उणं नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा गुबगुबीत, जाड फॉन्ट 'बलू' देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांत फुकट मिळतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'पॉपिन्स'ची देवनागरी निनाद काळे यांनी रेखली. त्यात नऊ वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत आणि प्रत्येकाला तिरपी जोड आहे. सर्वांत जाड तिरपं वजन मोठ्या आकारात लावून बघा, भिंतीवरचा तो जोम बऱ्याच अंशी परत भेटतो. असा फॉन्ट तालुक्याच्या फ्लेक्सवाल्यालाही पैसे न मोजता वापरता येतो, ही मोठीच गोष्ट.

फक्त फॉन्टमधला 'र' प्रत्येक वेळी तोच येतो. पेंटरच्या हाताखालचा 'र' मात्र शेवटी पत्र्यावर जागा उरली, तर शेपूट लांबवून अख्ख्या नावाखालून रेघ ओढायचा. ती रेघ कुठवर न्यायची, हे त्या पत्र्याची लांबी बघूनच ठरायचं.