खटल्यातलं दुसरं नाव

प्रत्येक माणूस खास असतो, हे म्हणायला दमडीही खर्च होत नाही. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे म्हणतात, व्हॉट्सॲपवर ते फुलांसकट येतं. असंच सगळ्यांना सारखं वाटलेलं गोड बोलणं ऐकायचं, तर जबलपूरजवळ भेडाघाटला होडीत बसा. संगमरवरी कड्यांमधून होडी सरकू लागली की नावाडी यमकं जुळवत सुरू होतो. हा खडक अमक्यासारखा, तो तमक्यासारखा. ही बंदरकूदनी, इथे कडे इतके जवळ होते म्हणे की माकडं उडी मारून पलीकडे जायची. मधेच एखाद्या नव्या जोडप्याची फिरकी घेतो. ती दोघं लाजतात, बाकीचे हसतात. मागच्या होडीतूनही तीच फिरकी आणि तेच हसू ऐकू येतं. त्यात गैर काही नाही, पोटासाठी केलेलं गोड बोलणं ते. तेच कुणी तत्त्वज्ञान म्हणून सांगू लागलं, की मात्र मी सावध होतो.

याच जबलपुरात रजनीश शिकले, पुढे प्राध्यापक झाले. भंवरताल बागेत, बकुळीच्या झाडाखाली २१ मार्च १९५३ ला आपल्याला ज्ञान झालं, असं ते सांगत. प्रत्येक व्यक्ती एकमेवाद्वितीय आहे, कुणाची नक्कल करू नका, हा त्यांच्या प्रवचनांतला आवडता धागा. पण १९७४ नंतर पुण्याच्या कोरेगाव पार्कात हे ऐकायला जमलेल्या एकमेवाद्वितीयांच्या अंगावर एकाच धाटणीचे भगवे झगे आणि गळ्यात गुरूंच्या फोटोची एकसारखी माळ!

त्या वाक्याची खरी परीक्षा झाली ती कोर्टात, आणि तीही जबलपूरच्याच एका प्रकरणात. १९७५ ची आणीबाणी. शिवकांत शुक्ल यांना मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली, आत टाकलं. सुटकेसाठीचा त्यांचा अर्ज कोर्टाने ऐकूच नये, असं सरकारचं म्हणणं होतं. जबलपूरच्या हायकोर्टाने ते मानलं नाही. देशातल्या एकूण नऊ हायकोर्टांनी अशीच भूमिका घेतली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर त्यावरही इलाज नाही, असं ॲटर्नी जनरल निरेन डे यांचं उत्तर होतं.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक. घटनेचं २१ वं कलम केवळ नागरिकाच्या नव्हे, कुणाही व्यक्तीच्या जीविताचं रक्षण करतं. चौघांनी ते आणीबाणीपुरतं मिटून ठेवलं. त्या चौघांत आपले पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते, हे मराठी माणसाने सोयीस्करपणे विसरू नये. खन्ना एकटे विरोधात गेले. या निकालापायी आपलं सरन्यायाधीशपद जाणार, हे त्यांनी बहिणीला आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्यायमूर्ती बेग यांची त्या पदावर नेमणूक झाली आणि खन्नांनी राजीनामा दिला.

शुक्ल कोण होते, थोर होते की चारचौघांसारखे, याच्याशी खन्नांना काही देणंघेणं नव्हतं. मला तरी माणसाला खास म्हणण्याचा एवढाच अर्थ कळतो: त्याची लायकी न विचारता त्याच्यासाठी दार उघडं ठेवायचं, आणि त्याची किंमत पडेल ती आपण भरायची. गुणांचं कौतुक करणं त्यामानाने फार सोपं. कौतुकाला पात्र माणसं कुणालाही सापडतात.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २१ व्या कलमाला आणीबाणीतही हात लावता येणार नाही, अशी तजवीज झाली. निकाल मोडीत निघायला मात्र २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी तो मोडीत काढणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ जणांच्या पीठावर धनंजय चंद्रचूड होते. १९७६ च्या बहुमताच्या निकालपत्रांत गंभीर दोष होते, असं त्यांनी लिहिलं. त्यांतलं एक त्यांच्या वडिलांचं होतं.

एक गोष्ट तरीही राहून गेली. वकील, विद्यार्थी, पत्रकार, सगळे या खटल्याला ‘एडीएम जबलपूर’ म्हणतात. ते तर एका अधिकाऱ्याचं पद. ज्याला डांबलं, त्याचं नाव ‘विरुद्ध’च्या पलीकडे गळून पडतं. पुढच्या वेळी या खटल्याचा विषय निघाला, तर शिवकांत शुक्ल हे नाव तेवढं आवर्जून घ्या.