गाळण्यापासून बोअरपर्यंत

शहागडला धुळे-सोलापूर महामार्ग गोदावरी ओलांडतो. पुलाच्या अलीकडे जालना जिल्हा, पलीकडे बीड. गाव नदीकाठचं, तरी ज्या बाईची ही गोष्ट, तिच्या माहेरी पाणी हात राखून वापरलं जाई, आणि त्याचं कारण टंचाई नव्हतं.

घर स्थानकवासी जैनांचं. हंड्याच्या तोंडावर जाड, दुहेरी कापडाचं गाळणं असे. पाणी गाळलं म्हणजे काम झालं असं नाही. गाळणं उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं, कापडात अडकलेले बारीक जीव भांड्यात उतरवायचे आणि ज्या विहिरीचं पाणी, तिच्यातच ते अलगद सोडायचे. ही जीवाणी. दुसरी विहीर चालत नाही, कारण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात तगेलच असं नाही. आजी हे रोज करायची. नात बघून शिकली.

प्रश्न पडला तो उकळलेल्या पाण्यावरून. साध्वीजींना कच्चं पाणी चालत नाही, घरातली मोठी माणसंही तपाच्या दिवशी उकळून गार केलेलंच पितात. पण पाणी हेच जीवांचं शरीर, अप्काय, असं पाठ करून घेतात ना? मग ते चुलीवर कसं ठेवायचं? ‘आपल्यात असंच असतं’, एवढंच उत्तर मिळालं.

खरं उत्तर अभ्यासातून आलं. पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड आहे, आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेनं उभं राहिलेलं. आनंदऋषीजी त्याच मुलखातले: १९०० साली चिचोंडीत जन्म, १९१३ मध्ये मिरीला दीक्षा, १९६४ मध्ये श्रमण संघाचे आचार्य. साधुसाध्वींबरोबर घरसंसारातल्या माणसांनीही शास्त्र समजून घ्यावं, हा त्यांचा आग्रह. लग्नानंतर, मुलं शाळेत जाऊ लागल्यावर, तिनं त्या परीक्षांची पुस्तकं उघडली. पच्चीस बोल, म्हणजे जैन तत्त्वांची पंचवीस कलमं, पाठ होतेच. आता त्यांचा अर्थ लागू लागला.

कच्च्या पाण्यात जीवांचं जन्मणं-मरणं अखंड चालू असतं. उकळल्यावर ते ठरावीक काळ थांबतं. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. प्रहर तीन तासांचा धरला, तर पावसाळ्यात सकाळी सहाला उकळलेलं पाणी दुपारी तीनपर्यंतच. म्हणून लागेल तेवढंच उकळायचं. गृहस्थाच्या हातून हिंसा पूर्ण टळत नाही, हे शास्त्र मोकळेपणानं मान्य करतं आणि लगेच विचारतं: मग किती? जैन आचाराकडे बाहेरून पाहणाऱ्याला कांदा-लसूण तेवढा दिसतो. ‘किती’ हा प्रश्न दिसत नाही, आणि सगळा आचार तर त्याच्यावरच उभा आहे.

उपासकदशांग सूत्रात महावीरांच्या दहा गृहस्थ उपासकांच्या कथा आहेत. पहिला आनंद श्रावक, दहा-दहा हजार गाईंच्या चार कळपांचा धनी. त्यानं संपत्ती सोडली नाही. पाचशे नांगर, पाचशे प्रवासाच्या गाड्या, अशी प्रत्येक गोष्टीला हद्द घातली. त्याच सूत्रात श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे येतात, कर्मादानं. कोळसा पाडणं, जंगल तोडणं, विष विकणं, जमीन फोडणं, यंत्रात पिळून रस-तेल काढणं. आणि चौदावं: सरोवरं, डोह, तळी आटवणं.

ते वाचून ती थबकली. पंधरांची यादी तिनं पूर्वी घडाघडा म्हटली होती, पण तेव्हा ती दुसऱ्या कुणाची तरी होती. आता सासरच्या शेतात तीन बोअर होते. वरच्या अंगाला पैठणला १९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झालं, तेव्हापासून शहागडची गोदावरी धरणातून सुटणाऱ्या पाण्याकडे डोळे लावून असते. जवळच अंकुशनगरचा साखर कारखाना. हंगामात उसाच्या गाड्यांची रीघ. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा जो तो आणखी खोल बोअर घेत होता. पेल्यातल्या जीवासाठी कापड धुणारं घर जमिनीच्या पोटातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत उपसतं, हे तिला सहन होईना.

चौथा बोअर घ्यायची बोलणी सुरू होती. तिनं नवऱ्यापुढे श्रावकाच्या सातव्या व्रताचं पान ठेवलं. भोगोपभोगाची मर्यादा याच व्रतात सांगितली आहे आणि कर्मादानांची यादीही इथेच येते. नवरा म्हणाला, ‘अगं, कर्ज डोक्यावर आहे. शास्त्र बँकेला दाखवू का?’ त्याचंही चूक नव्हतं. कर्जापायी माणसांची नियत बिघडताना तिनं पाहिली होती. वाद बरेच दिवस चालला.

बोअर झाला नाही. मोसंबीला ठिबक बसलं, मोटारीचे तास ठरले, आणि ते तास ओलांडले तर संवत्सरीच्या प्रतिक्रमणात, म्हणजे वर्षभराच्या चुकांच्या कबुलीत, त्याची आठवण काढायची, असं दोघांनी मिळून ठरवलं. आता परीक्षेला बसणारी गावातली मुलं तिच्याकडे येतात. कर्मादानं शिकवताना ती त्यांना आपापल्या घरचे बोअर मोजायला लावते. काही पालकांना हे आवडत नाही. भरपूर पाणी पिणारा ऊस मात्र तिच्या शेतातून अजून गेलेला नाही. निम्म्यावर आला आहे, आणि उरलेल्या निम्म्यावरून दर पर्युषणात घरात बोलणं होतं.