आधी पानावर बसा

सिएटल, जुलै

चि. सायली,


नव्या घरातल्या ओव्हनचं तू कढया-तवे ठेवायचं कपाट केलंयस, हे तुझ्या आईकडून कळलं. इथे आलेल्या आपल्या किती घरांत हेच चालतं! परतणं, ढवळणं, उलथणं यात आपला हात मुरलेला. दाराआड काहीतरी शिजतंय आणि आपण स्वस्थ बसायचं, हे काही पचनी पडत नाही. म्हणून पोर्टलंडला खाल्लेल्या त्या फुगीर जर्मन पॅनकेकची कृती तू विचारलीस, तेव्हा बरं वाटलं. कढया बाहेर काढ आणि ओव्हनचा श्रीगणेशा यानेच कर.

नावाने जर्मन असला तरी हा अवतार इकडचा. जर्मनीत घरोघरी होतो तो तव्यावरचा, पातळ, दोन्ही बाजूंनी भाजलेला. ओव्हनमध्ये फुगवलेला हा प्रकार आमच्या सिएटलच्या मँकाज् कॅफेने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ‘डच बेबी’ म्हणून गाजवला. तू जिथे खाल्लास ते ओरिजिनल पॅनकेक हाउस पोर्टलंडलाच १९५३ साली सुरू झालं. आणि १९६६ मध्ये क्रेग क्लेबॉर्न यांनी होनोलुलूच्या डेव्हिड आयर यांच्या घरची कृती न्यूयॉर्क टाइम्समध्ये दिली. ती लोक अजून करतात.

आता कृती. तीन अंडी, अर्धा कप मैदा, अर्धा कप दूध, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, दोन थेंब व्हॅनिला. अंडी-दूध फ्रिजमधून आधीच काढून ठेव. सगळं मिक्सरमधून फिरवून वीस मिनिटं झाकून ठेव, म्हणजे मैदा नीट भिजतो. पळीतून सलग धार पडली पाहिजे. बेकिंग पावडर, सोडा काही घालायचं नाही.

दहा इंची बिडाचं पॅन रिकामंच आत ठेवून ओव्हन ४२५ फॅरनहाइटला तापव. पॅन चांगलं तापलं की त्यात दोन मोठे चमचे लोणी टाक. लोणी फसफसेल, ते करपायच्या आत मिश्रण मधोमध ओत, पॅन आत सरकव आणि दार लाव. मग अठरा-वीस मिनिटं दाराला हात लावायचा नाही. काचेतून बघ हवं तर. आधी कडा सुटतात आणि पॅनच्या भिंतीवर चढू लागतात, मधे लोण्याचं तळं साचतं, मग तो मधला भागही वेडावाकडा वर येतो. फुलका फुगतो तो वाफेने, हाही वाफेनेच. अंड्यांचं आवरण ती वाफ कोंडून धरतं आणि उष्णतेने घट्ट होतं. ते घट्ट व्हायच्या आत दार उघडलंस, तर आतली उष्णता जाते आणि फुगणं अर्ध्यावर राहतं.

बाहेर काढल्यावर मात्र तो मिनिटभरात बसणारच. आतली वाफ गार होते, मधला भाग खाली जातो, कडा तेवढ्या कुरकुरीत उभ्या राहतात. बिघडला म्हणून हळहळू नकोस. तो खळगा फळांसाठीच आहे.

आणि म्हणूनच हा पदार्थ मला आवडतो. आपल्याकडे फुलके करणारी, घावन घालणारी सगळ्यांना गरमगरम वाढते आणि स्वतः शेवटी, गार झालेलं खाते. इथे ती सोयच नाही. एकच पॅन, एकच क्षण. सगळे एकदम खाणार आणि करणारीही त्यांच्याबरोबरच. त्यामुळे माझा नियम ठरलेला आहे: निखिलरावांना आणि पाहुण्यांना आधी पानावर बसव, मग ओव्हन उघड. फोटोसाठीसुद्धा कुणाची वाट बघायची नाही.

फळांची तयारी ओव्हनमध्ये पॅन गेल्यावर होते. सध्या स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी भरपूर आहेत. स्ट्रॉबेरी चिरून साखर-लिंबू लावून ठेव, तिला आपसूक रस सुटतो. ब्लूबेरी थोड्या साखरेत गरम कर. काही फुटल्या, काही अख्ख्या राहिल्या की उतरव. शरदात ग्रॅनी स्मिथ सफरचंदाच्या फोडी लोणी, ब्राउन शुगर आणि दालचिनीत परतायच्या. मऊ झाल्या तरी मोडता कामा नयेत. फळं टेबलावरच घाल, आणि रस बेताने, नाहीतर तळ भिजून लगदा होतो. वर लिंबू पीळ आणि पिठीसाखर भुरभुरव. लिंबाला फाटा देऊ नकोस. अंड्याचा उग्रपणा त्यानेच मोडतो. अंडं न खाणारं कुणी आलं, तर त्यांच्यासाठी सरळ दुसरं काहीतरी कर. अंड्यांशिवाय हा उभाच राहत नाही.

केल्यावर कोणतं फळ घातलंस ते कळव. निखिलरावांना आशीर्वाद.

तुझी,
मावशी

ता. क. पॅनची मूठ बराच वेळ चटका देते. बाहेर काढल्याबरोबर तिच्यावर जाड फडकं घाल, म्हणजे बोलण्याच्या नादात कुणी हात लावणार नाही. आणि बीड पाण्यात भिजत घालू नकोस. धुऊन लगेच पूस आणि तेलाचा हात फिरव.