लेंत आणि पप्पांची वही

लेंत म्हणजे इस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस. राखेच्या बुधवारी ते सुरू होतात. काही चर्चमध्ये त्या दिवशी आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात. मधले रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून मुलांनो, कॅलेंडर घेऊन मोजलेत तर सेहेचाळीस दिवस भरतील! २०२४ साली हा बुधवार १४ फेब्रुवारीला आला. त्याच दिवशी वसंत पंचमी होती आणि इथल्या दुकानांत लाल बदामांची नुसती गर्दी.

लेंतात मी चहा सोडते. उपास लोकांना दाखवू नये असे येशूनेच सांगितले आहे, पण आपल्या वर्गात समोशांबरोबर आलेला चहा नाकारला की मैत्रिणी कारण विचारल्याशिवाय सोडतात थोड्याच! तेव्हा एका चिमुरडीने विचारले, "मावशी, तुम्ही नवस केलाय का? माझ्या आजीने आजोबांसाठी साखर सोडली होती."

प्रश्न अगदी रास्त होता. माझ्या पप्पांची बायपास मार्चमध्ये पुण्याला ठरली होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या आजीची माया मला कळते. पण लेंतात काही मिळावे म्हणून काही सोडायचे नसते. येशू रानात चाळीस दिवस उपाशी होता, तेव्हा सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देव झेलतो का बघू. येशू नाही म्हणतो. देवावर भरवसा ठेवणे आणि देवाची परीक्षा पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या. मी हे त्या मुलीला सांगितले खरे, पण सांगताना माझ्याच पोटात गोळा आला होता. कारण माझे मागणे एकच होते, पप्पा वाचू देत.

बायपासमध्ये बहुतेक वेळा हृदय काही काळ थांबवतात. तेवढा वेळ रक्त फिरवण्याचे काम यंत्र करते, आणि पायातली शीर काढून हृदयाला जोडतात. पप्पा नगरचे, शाळामास्तर. त्यांनी डॉक्टरांकडून हे सगळे आकृती काढून समजावून घेतले. मग फोनवर मला म्हणाले, "ज्या माणसाला मी दोनदाच भेटलोय, त्याच्या हातात काळीज द्यायला निघालोय. ज्याला सत्तर वर्षं ओळखतो, त्याच्या हातात द्यायला काय जातंय?"

आईला मात्र त्यांचा राग आला होता, आणि त्याला कारण होते एक वही. पप्पांनी शंभर पानी वहीत पेन्शनची कागदपत्रे कुठे आहेत, दूधवाल्याचे किती द्यायचे हे लिहिले आणि शेवटच्या पानावर आपल्या अंत्यविधीला गायची तीन गीते 'उपासना संगीता'तले क्रमांक घालून लिहिली. त्यांत एक रेव्हरंड टिळकांचे. टिळक नगरला राहिलेले, तेव्हा ते हवेच! आई म्हणाली, "अहो, असलं अभद्र कशाला लिहिता? विश्वास नाही का तुमचा?" पप्पा म्हणाले, "विश्वास आहे म्हणूनच लिहितोय. उठलो तरी ख्रिस्ताजवळ, नाही उठलो तरी ख्रिस्ताजवळ."

त्यांचे हे बोलणे मला पटले, तरी सोपे वाटले नाही. ऑपरेशनच्या दिवशी पुण्यात सकाळचे आठ वाजले तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा झाले होते. मुले झोपली होती. प्रार्थनेला बसले आणि शब्दच सुचेनात. शेवटी "तुझ्या हातात" एवढेच म्हणत राहिले, कधी पप्पांसाठी तर कधी स्वतःच्या धडधडत्या छातीसाठी. पहाटे भावाचा फोन आला, मशीन काढले, हृदय आपले आपण चालू झाले.

३१ मार्चला इस्टर होता. पप्पांना गर्दीत जायला मनाई होती, म्हणून भावाने चर्चमधून फोन लावून त्यांना उपासना ऐकवली. गीते संपल्यावर त्यांनी आईकडून ती वही मागून घेतली आणि शेवटच्या पानावरचा दुसरा क्रमांक खोडला. आईला वाटले, आता पान फाडतात की काय! पण त्यांनी तिथे दुसरा क्रमांक घातला. म्हणाले, "आधीची चाल अवघड आहे. आपली मंडळी फार ओढतात."